पदावरच्या माणसाने मन कुठे मोकळे करावे?

वाचकाचे पत्र

माझे वय 47 आहे. एका उत्पादन कंपनीचा मी काही वर्षांपासून प्रमुख आहे. येत्या सहा महिन्यांत आमचा एक विभाग बंद करावा लागणार असून त्यात जवळजवळ 40 माणसांची नोकरी जाईल. त्यांतल्या काहींच्या शेजारी उभे राहून मी स्वतः यंत्रावर काम शिकलो आहे. संचालक मंडळाशी बोलायला जावे तर ते आकड्यांपलीकडे जात नाहीत. हाताखालच्या सहकाऱ्यांशी बोललो तर संध्याकाळपर्यंत बातमी सगळीकडे होईल. पत्नीला सांगितले तर तिची झोप उडेल. माझी तर उडालेलीच आहे. रात्री तीनच्या सुमारास जाग येते आणि मग उजाडेपर्यंत डोळा लागत नाही. दुसऱ्या क्षेत्रातल्या एका परिचिताने मला त्याच्या आधारगटात बोलावले आहे. निरनिराळ्या संस्थांचे प्रमुख असलेले आठ पुरुष महिन्यातून एकदा भेटतात आणि आपापल्या अडचणी मांडतात, असे तो सांगतो. खरे सांगायचे तर मोठ्या पदावरच्या पुरुषांनी एकत्र बसून रडगाणे गावे ही कल्पनाच मला पटत नाही. बोललेले बाहेर फुटले तर काय, ही भीती आहेच. शिवाय फक्त पुरुषच का, असे माझ्या एका वरिष्ठ सहकारी बाईंनी विचारले तर माझ्यापाशी उत्तर नाही. जावे की जाऊ नये?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र जाण्यापूर्वी काही गोष्टी विचारून घ्याव्यात, आणि तिथे कोणीतरी उत्तम सल्ला देईल या अपेक्षेने जाऊ नये. पदावरच्या माणसाला सल्ला देणाऱ्यांची वाण कधीच नसते. वाण असते ती नेमका प्रश्न विचारणाऱ्याची, आणि चांगल्या आधारगटात तो भेटतो.

आपण पत्रात संचालक मंडळ, सहकारी आणि पत्नी अशा तिघांचा उल्लेख केला आहे. या तिघांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे आपण जो निर्णय घ्याल त्यात त्यांतल्या प्रत्येकाचे काही ना काही गुंतलेले आहे. मंडळाचे भांडवल, सहकाऱ्यांच्या नोकऱ्या आणि बढत्या, पत्नीचे घर आणि नवऱ्याची तब्येत. त्यांच्या आपुलकीत खोट आहे असे मी म्हणत नाही. परंतु ज्याचे काही गुंतलेले असते त्याला आपले बोलणे नुसते ऐकता येत नाही. ऐकता ऐकताच त्याच्या मनात स्वतःचा हिशेब सुरू होतो, तो आपल्याला त्याच्या चेहऱ्यावर दिसतो, आणि आपण वाक्य अर्ध्यावर सोडून ‘बाकी सगळे ठीक आहे’ म्हणत विषय बदलतो. पद जितके वरचे, तितकी अशी अर्धी राहिलेली वाक्ये जास्त. याउलट शाळेतल्या जुन्या मित्राचे आपल्या निर्णयात काहीच गुंतलेले नसते आणि तो शांतपणे ऐकूनही घेईल, पण 40 माणसांची नावे असलेल्या कागदावर सही करणे म्हणजे काय, हे त्याने अनुभवलेले नसते. तो ‘होईल सगळे नीट’ एवढेच म्हणू शकतो आणि तेवढ्याने आपल्याला आणखी एकटे वाटते. आपल्या निर्णयात ज्यांचा काडीचा स्वार्थ नाही, पण तसल्या निर्णयाचा भार ज्यांनी स्वतः वाहिला आहे, अशी माणसे एरवी एका ठिकाणी भेटत नाहीत. ती ठरवून, नियमाने भेटावीत एवढ्यासाठीच असे गट असतात.

‘रडगाणे’ या आपल्या शंकेला मी हलके लेखत नाही, कारण ती अर्धी खरी आहे. वरच्या पदावरची माणसे सर्वांत अधिक ताण सोसतात हा समज बराच पसरलेला आहे, आणि त्याला पुराव्याचे पाठबळ नाही. ब्रिटनमध्ये 1967 साली सुरू झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासात सरकारी सेवेतील पुरुषांची अनेक वर्षे पाहणी झाली, तेव्हा वरच्या श्रेणीतील अधिकाऱ्यांपेक्षा सर्वांत खालच्या श्रेणीतील कर्मचाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण कितीतरी जास्त आढळले. पुढे 1985 साली सुरू झालेल्या दुसऱ्या व्हाइटहॉल अभ्यासात मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, आपल्या कामावर आपला ताबा नसणे हा या आजाराशी जोडलेला एक महत्त्वाचा घटक आहे. म्हणजे ज्याच्या हाती निर्णय असतो त्याच्यापेक्षा ज्याच्यावर तो लादला जातो त्याची स्थिती अधिक बिकट असते. आपल्या विभागातली ती 40 माणसे आपल्यापेक्षा कठीण काळातून जाणार आहेत, आणि ज्या गटात बसल्यावर एवढ्याचाही विसर पडतो त्या गटाची दुसरी बैठक मी तरी गाठणार नाही.

पण या पुराव्यावरून पदावरच्या माणसाने गप्प बसावे असे ठरत नाही. अनेक रात्री अपुरी झोप झालेला माणूस सकाळी दहा वाजता ज्यांच्याविषयी ठरवतो, ती माणसे त्या खोलीत नसतात. झोप नसलेला, चिडचिडा झालेला प्रमुख कठीण बोलणे पुढे ढकलतो, किंवा मग ते एकदाचे संपावे म्हणून घाईत उरकून टाकतो, आणि या दोन्हींची किंमत इतर लोक मोजतात. आपले मन ताळ्यावर असणे ही आपली खासगी चैन राहिलेली नाही. ज्यांच्यावर आपला अधिकार चालतो त्यांच्या दृष्टीने ती आपली जबाबदारी आहे. मी आपल्याला जा म्हणतो आहे ते मुख्यतः याच कारणासाठी.

असे गट ही अलीकडची टूमही नाही. ब्रिटनमधल्या कोळशाच्या खाणींचे 1947 साली राष्ट्रीयीकरण झाले, त्या काळात खाण मंडळाच्या शिक्षण विभागाची धुरा रेग रेव्हन्स या गृहस्थांकडे होती. ते मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत मोठमोठे शास्त्रज्ञ आपल्याला काय समजत नाही हे एकमेकांसमोर मोकळेपणाने मांडत असल्याचे त्यांनी पाहिले होते. खाणींच्या व्यवस्थापकांना बाहेरच्या तज्ज्ञांची व्याख्याने देत बसण्यापेक्षा त्यांचे छोटे गट करावेत, त्यांनी एकमेकांच्या प्रत्यक्ष अडचणींवर बोलावे आणि त्यातून शिकावे, असा आग्रह त्यांनी धरला. कोडे आणि समस्या यांत त्यांनी केलेला फरक आपल्या कामाचा आहे. कोड्याचे उत्तर कुठेतरी तयार असते आणि जाणकार ते शोधून देतो. समस्येचे तसे नसते; शहाणी, अनुभवी माणसे तिच्याविषयी वेगवेगळी मते देतात आणि ती सगळी पटण्यासारखी असतात. नोकरी जाणाऱ्यांना कायद्याने किती रक्कम द्यावी लागेल हे कोडे आहे आणि ते वकील सोडवील. ज्याने आपल्याला यंत्र शिकवले त्याला ही बातमी कोणी, केव्हा आणि कोणत्या शब्दांत सांगावी, आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्या कामगारांच्या समोरून कसे जावे, ही समस्या आहे. तिच्यासाठी तज्ज्ञ मिळत नाही. तिच्यासाठी आधारगट असतो.

साधारण त्याच सुमारास, 1950च्या दशकात, मायकेल आणि एनिड बॅलिंट यांनी लंडनमधल्या सामान्य डॉक्टरांचे गट सुरू केले. एका डॉक्टरने आपल्याला अस्वस्थ करणारा एखादा रुग्ण मांडायचा आणि इतरांनी त्या रुग्णाइतकाच त्या डॉक्टरच्या मनात काय चालले आहे याचाही विचार करायचा, अशी ती रीत होती. जगभरातले डॉक्टर आजही अशा गटांत बसतात आणि त्याला कोणी रडगाणे म्हणत नाही. ते त्यांच्या कामाचाच भाग मानले जाते. कंपन्यांच्या प्रमुखांसाठी सशुल्क गट चालवणाऱ्या मोठ्या संस्थाही जुन्या आहेत. वायपीओ 1950 साली स्थापन झाली, आणि आज व्हिस्टेज या नावाने ओळखली जाणारी संस्था 1957 साली अमेरिकेतल्या मिलवॉकी येथे सुरू झाली. आपल्या परिचिताचा गट अशा संस्थेचा असो की मित्रांनी मिळून चालवलेला असो, त्याची परीक्षा एकच: बैठक कशी चालते?

नीट चाललेल्या गटात सुरुवातीला प्रत्येकजण आज कोणत्या मनःस्थितीत आलो आहोत ते दोन-तीन वाक्यांत सांगतो. फोन बंद करून बाजूला ठेवलेले असतात. मग ज्याची पाळी असेल तो आपला प्रश्न दहा-पंधरा मिनिटांत मांडतो, आणि त्यानंतर बराच वेळ इतरांना केवळ प्रश्न विचारायची मुभा असते. ‘तुम्ही अमुक का करत नाही?’ असे कोणी विचारले तर गट चालवणारा त्याला तिथेच थांबवतो, कारण तो प्रश्नचिन्ह लावलेला सल्लाच असतो. अगदी शेवटी, मांडणाऱ्याची इच्छा असेल तर, इतर लोक त्यांच्यावर आलेला तसा प्रसंग सांगतात. ‘तुम्ही असे करा’ असे न म्हणता ‘माझ्यावर वेळ आली तेव्हा मी असे केले आणि पुढे त्याचे असे झाले’ एवढेच सांगतात. हा नियम ऐकायला कृत्रिम वाटतो आणि पहिल्या एक-दोन बैठकांत त्याचा जाचही होतो, विशेषतः ज्यांना दिवसभर दुसऱ्यांचे प्रश्न सोडवण्याचाच पगार मिळतो त्यांना. पण सल्ला देताना देणारा नकळत वर चढतो आणि घेणारा खाली उतरतो. ज्या एका ठिकाणी आपण कोणाच्या वर किंवा खाली नसावे म्हणून आलो, तिथेही मग उतरंड तयार होते.

प्रश्नाने काय होते ते एका उदाहरणाने सांगतो. दुसऱ्या कोणाची गोष्ट इथे लिहिणे म्हणजे ज्या नियमाचा मी पुढे आग्रह धरणार आहे तोच मोडणे होईल, म्हणून माझीच लिहितो. मी एका संस्थेचा प्रमुख होतो आणि मुदत संपत आल्यावर पुन्हा ते पद स्वीकारावे की नाही, हा विषय मी आमच्या गटात मांडला. दोन्ही बाजूंचे मुद्दे मी कागदावर नीट लिहून नेले होते आणि पारडी जवळजवळ सारखी भरत होती. सगळ्यांनी ऐकून घेतले. एरवी फारसे न बोलणाऱ्या एका सदस्याने मग विचारले, ‘नाही म्हणालात, तर पद सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय कराल?’ मी उत्तर द्यायला तोंड उघडले, आणि माझ्यापाशी उत्तर नाही हे मला तोंड उघडल्यावर समजले. कोणीही घाईने काही बोलून मला त्यातून सोडवले नाही. माझ्या कागदावरचे सगळे मुद्दे संस्थेविषयी होते आणि मनातली भीती मात्र त्या रिकाम्या सकाळीची होती, हे मी त्या वेळी प्रथमच मोठ्याने म्हणालो. सहकाऱ्यांनी हा प्रश्न विचारला नसता, कारण तसा अधिकार आपल्याला आहे असे त्यांना वाटले नसते. आणि घरात कोणी विचारला असता तर टोमणा समजून मी तो उडवून लावला असता.

आता बोललेले बाहेर फुटण्याविषयी. ही आपली शंका सर्वांत महत्त्वाची आहे आणि तिच्याविषयी संकोच न करता, आत पाऊल टाकण्याआधीच बोलावे. अनेक ठिकाणी ‘आम्ही चॅटम हाउस नियम पाळतो’ असे अभिमानाने सांगितले जाते. चॅटम हाउस या लंडनमधल्या, आंतरराष्ट्रीय प्रश्नांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने 1927 साली केलेला हा नियम असा आहे की, बैठकीत मिळालेली माहिती बाहेर वापरता येते, फक्त ती कोणी दिली आणि बैठकीला कोण होते हे उघड करायचे नाही. धोरणविषयक चर्चेसाठी तो उत्तम आहे. आधारगटाला तो पुरत नाही. आपल्या क्षेत्रात विभाग बंद करायला निघालेल्या कंपन्या दोनच असतील, तर नाव न घेताही गोष्ट ओळखू येते. आधारगटाचा नियम याहून कडक हवा: दुसऱ्याने सांगितलेले काहीच, कोणत्याही रूपात, खोलीबाहेर जाता कामा नये. तिथे स्वतः काय बोललो आणि आपल्याला काय उमगले ते घरी अवश्य सांगावे, पण इतरांचे आपल्या पत्नीलाही सांगू नये. आणखी एक बारकावा मला फार मोलाचा वाटतो. गटातला सदस्य बाहेर, एखाद्या समारंभात भेटला, तर त्याने आपणहून काढल्याशिवाय तो विषय आपण काढायचा नाही, काळजीपोटीसुद्धा नाही. ‘मग, त्याचे पुढे काय झाले?’ हे पाच शब्द शेजारी उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसाला पुरेसे असतात.

तरीही मित्रांचा विश्वास आणि कायद्याचे संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वकिलाशी किंवा डॉक्टरशी केलेल्या बोलण्याला जे संरक्षण असते ते गटातल्या बोलण्याला सहसा नसते. पुढे वाद न्यायालयात गेला तर सदस्यांना साक्षीला बोलावले जाऊ शकते. म्हणून विभाग बंद होण्याची तारीख, वाटाघाटीतली रक्कम, कोणाही कर्मचाऱ्याचे नाव किंवा ओळख पटेल असा तपशील तिथे सांगू नये. आपली कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर जाहीर न झालेली कोणतीही महत्त्वाची माहिती बोलू नये. तसे करणे हा गुन्हाही ठरू शकतो. नावे, तारखा आणि रकमा वगळल्या की मग बोलायचे काय, असे आपल्याला वाटेल. आपले जे खरे दुखणे आहे त्यासाठी यांतले काहीच लागत नाही. ‘ज्याने मला काम शिकवले त्याला मी घरी पाठवणार आहे आणि त्याच्या नजरेला नजर देणे मला जमत नाही’ या वाक्यात कंपनीचे कोणतेही गुपित नाही.

गटात कोण कोण आहे हेही विचारावे. प्रतिस्पर्धी कंपन्यांचे प्रमुख एकाच गटात असू नयेत, कारण तिथे किंमती, ग्राहक किंवा पगार यांविषयी सहज निघालेले बोलणेही स्पर्धाविषयक कायद्याच्या कचाट्यात सापडू शकते, आणि तसे झाले नाही तरी मोकळेपणा राहत नाही. आपला पुरवठादार, ग्राहक, कर्ज देणारा किंवा नातेवाईक असला तरी तेच. कोणी सल्लागार किंवा विमा एजंट नवीन गिऱ्हाइके जोडण्यासाठी आत शिरलेला आहे का, तेही बघावे. सशुल्क गट असेल तर पैसे देण्यात काही गैर नाही, उलट त्यामुळे लोक नियमित येतात. फक्त गट चालवणारा बैठकीनंतर एकेकट्याला स्वतःची आणखी सेवा विकतो का, याची चौकशी करावी. आठ ही संख्या योग्य आहे. दहा-बाराच्या पुढे गेले की काहीजण केवळ श्रोते होतात.

फक्त पुरुषच का, याला माझे उत्तर दोन भागांत आहे, आणि दुसरा भाग पहिल्याइतकाच मनापासून आहे. पुष्कळ पुरुषांच्या आयुष्यात मन मोकळे करण्याची जागा एकच असते, ती म्हणजे पत्नी. मित्र असतात, पण मैत्री काहीतरी मिळून करण्यावर उभी असते, आणि करण्याचे कारण संपले की भेटीही संपतात. ऑस्ट्रेलियात 1990च्या दशकात ‘मेन्स शेड’ या नावाने सामाईक कार्यशाळा निघाल्या आणि पुढे अनेक देशांत पसरल्या, त्यामागे हेच निरीक्षण होते की पुरुष समोरासमोर बसून जे बोलत नाहीत ते शेजारी शेजारी काम करता करता बोलतात. सुरुवातीला निव्वळ पुरुषांत काहींची जीभ लवकर सुटते, कारण स्त्रियांसमोर खंबीर दिसण्याची लहानपणापासूनची सवय तिथे आड येत नाही. हे खरे आहे आणि एवढ्या कारणासाठी असा गट समर्थनीय आहे.

पण वरच्या पदांवरच्या पुरुषांनी बंद खोलीत भेटण्याला दुसराही इतिहास आहे. नेमणुका, कंत्राटे, ओळखीपाळखी अशाच बैठकांत ठरत आल्या आणि स्त्रिया त्यांपासून दूर ठेवल्या गेल्या. आपल्या सहकारी बाईंनी प्रश्न विचारला तर तो याच अनुभवातून आलेला असेल, आणि तो रास्त आहे. म्हणून पुरुषांच्या आधारगटाला माझी एक अट आहे, आणि तिच्यात मी सवलत देणार नाही: तिथे धंद्याची देवघेव, कोणाची शिफारस, कोणाच्या नेमणुकीची चर्चा अजिबात होऊ नये. ज्या दिवशी एका सदस्याने दुसऱ्याच्या मुलाला नोकरी दिली किंवा काम मिळवून दिले, त्या दिवसापासून तो आधारगट राहत नाही आणि त्याचा ‘फक्त पुरुष’ असण्याचा हक्कही संपतो. ही अट तिथे पाळली जाते असे आपल्याला दिसले, तर सहकारी बाईंना आपण निःसंकोचपणे उत्तर देऊ शकाल. त्यांनाही अशाच एखाद्या गटाची गरज असेल. संस्थेच्या खर्चातून आपल्याला जाण्याची सोय असेल, तर तशीच सोय त्यांना मिळावी हे आपणच पाहावे.

असे गट बिघडतात कसे, तेही सांगितले पाहिजे. बढाया मारण्याचा अड्डा होणे हा बिघाड पहिल्याच भेटीत कळतो. दुसरा बिघाड उशिरा कळतो, कारण तो सुखद असतो. तोच माणूस तीच तक्रार महिन्यामागून महिने मांडतो, सगळे माना डोलावतात, त्याला बरे वाटते आणि काहीच बदलत नाही. अमांडा रोझ या मानसशास्त्रज्ञांनी 2002 साली शाळकरी मुलामुलींच्या मैत्रीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे आढळले की, एकाच दुःखाची पुन्हा पुन्हा उजळणी करणाऱ्या मित्रमैत्रिणींची जवळीक जास्त होती, पण त्यांच्यात उदासी आणि चिंताही जास्त होती. तो अभ्यास मुलांचा होता हे लक्षात ठेवूनही मला त्यातला इशारा प्रौढांना लागू वाटतो. यावर अनेक गट साधा उपाय करतात: मांडणाऱ्याने बैठक संपताना पुढच्या भेटीपर्यंत काय करणार ते एका वाक्यात सांगायचे, आणि पुढच्या वेळी सुरुवात तिथूनच करायची. आपल्या परिचिताच्या गटात ही पद्धत नसेल तर ती आपण सुचवावी.

आता जे आपण विचारले नाही पण लिहिले आहे, त्याकडे येतो. रात्री तीन वाजता जाग येणे आणि पुन्हा झोप न लागणे हे आठवड्यातून तीन-चार वेळा होत असेल आणि काही आठवडे चालू असेल, तर गटात जाण्याची वाट न पाहता डॉक्टरकडे जावे. पहाटे लवकर जाग येणे हे नैराश्याचे एक लक्षण असू शकते, आणि पुरुषांमध्ये नैराश्य अनेकदा रडण्याऐवजी चिडचिड, कामात स्वतःला गाडून घेणे किंवा दारूचे प्रमाण वाढणे अशा रूपांत दिसते, त्यामुळे ते ओळखू येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जगभरात आत्महत्येचे प्रमाण स्त्रियांपेक्षा पुरुषांमध्ये दुपटीहून अधिक आहे. आपल्या पत्रात तसले काही मला दिसले नाही, पण जगणे नकोसे वाटण्याचा विचार कधी मनात डोकावला असेल किंवा पुढे डोकावला, तर ती गोष्ट महिन्याच्या बैठकीची नाही. त्याच दिवशी डॉक्टरला, हेल्पलाइनला आणि घरातल्या एका माणसाला सांगायची ती गोष्ट आहे. आधारगट उपचाराची जागा घेत नाही, आणि ज्या गटाचे चालक तसा दावा करतात त्यांच्यापासून दूरच राहावे.

पत्नीविषयी आपण लिहिता की सांगितले तर तिची झोप उडेल. आपण रात्री तीन वाजता उठून बसता हे तिला ठाऊक नाही, यावर माझा विश्वास बसत नाही. जिचे कारण माहीत नाही ती काळजी, कारण माहीत असलेल्या काळजीपेक्षा जड असते, आणि तिच्या मनात आत्ता कोणकोणती कारणे येत असतील याची कल्पना करून पाहावी. सगळा तपशील सांगण्याची गरज नाही. कामावर एक कठीण निर्णय आहे, तो आपल्या तब्येतीविषयी किंवा संसाराविषयी नाही, त्यासाठी आपण एका गटात जाणार आहोत आणि डॉक्टरलाही भेटणार आहोत, एवढे तिला या आठवड्यातच सांगावे. गट सुरू झाल्यावर ‘माझे बोलणे तिकडे होते’ म्हणून घरात गप्प राहण्याची सवय लागू देऊ नये.

पहिल्या बैठकीत फार बोलू नये. ऐकावे, आणि दोन गोष्टींकडे लक्ष ठेवावे: कोणी चुकले, अडखळले, तर बाकीचे काय करतात, आणि गट चालवणारा माणूस तिथल्या सर्वांत यशस्वी सदस्याला मध्येच थांबवू शकतो का. दुसऱ्या किंवा तिसऱ्या बैठकीत आपला प्रश्न मांडावा. तीन-चार बैठकांनंतरही आपण तिथून निघताना संचालक मंडळाच्या सभेतून निघाल्यासारखे, म्हणजे शब्द तोलून मापून थकलेले असाल, तर तो गट आपल्यासाठी नाही असे समजून कारणे न देता बाहेर पडावे आणि दुसरा शोधावा. तसे करण्यात कोणाचाही अपमान नाही.

फक्त एक हिशेब ध्यानात असू द्या. गट महिन्यातून एकदा भेटतो आणि आपल्यापाशी सहा महिने आहेत, त्यातही लोकांना आधी कळवायचे तर त्याहून कमी. तेव्हा वकिलाला आणि मनुष्यबळ विभागाच्या प्रमुखांना भेटून किती आधी सांगता येईल, दुसऱ्या विभागांत किती जणांना सामावून घेता येईल आणि बाकीच्यांना नवे काम शोधायला कंपनी काय मदत करू शकेल, याची बोलणी आत्ताच सुरू करावीत. ती गटासाठी थांबवू नयेत. गटात मात्र आपण त्या एका माणसाचा विषय न्यावा, ज्याने आपल्याला काम शिकवले. त्याला ही बातमी पत्राने किंवा दुसऱ्या अधिकाऱ्याकडून न कळता आपल्या तोंडून, समोर बसून, इतरांच्या आधी कळावी असे मला वाटते. ते कसे सांगायचे हे ठरवण्यासाठी आपण पहिल्यांदा त्या आठ जणांचे प्रश्न ऐकावेत.

आपला हितचिंतक